लहान मुलांच्या कुटुंबासाठी शिडाची छोटी बोट निवडताना

लहान मुले असलेल्या कुटुंबासाठी शिडाची बोट घ्यायची म्हटले की बोलणे बहुधा लांबी, किंमत आणि वेग यांच्याभोवती फिरते. या गोष्टींना महत्त्व आहेच, परंतु निवडीची खरी कसोटी वेगळी आहे असे माझे ठाम मत आहे. दोन मोठ्या माणसांपैकी एकाचे दोन्ही हात मुलांमध्ये गुंतलेले असताना उरलेल्या एकाला ती बोट वळवता, तिचे शीड कमी करता, ती आडवी झाली तर सरळ करता आणि परत किनाऱ्याला लावता येईल का, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तरच ती बोट त्या कुटुंबाच्या उपयोगाची. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या एका प्रश्नाला धरून आहे.

साधारण पाच ते दहा वर्षांची एक किंवा दोन मुले, दोन मोठी माणसे आणि उजेडी निघून उजेडीच परतण्याची सफर एवढे येथे गृहीत धरले आहे. पाच वर्षांहून लहान मुलाला छोट्या उघड्या बोटीत नेऊ नये असे मला वाटते. अंगावर पाणी येताच ते घाबरते, सांगितलेले ऐकण्याच्या स्थितीत राहत नाही, आणि त्याच्या मापाचे भरवशाचे लाइफ जॅकेट मिळवणेही सोपे नसते.

आधी पाणी ठरवावे

बोट कोणत्या पाण्यात उतरवायची हे ठरल्याशिवाय तिचा आकार ठरवता येत नाही. मुंबई बंदरात शिडाच्या बोटींचा हंगाम ऑक्टोबर ते मे असा धरतात. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात, दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि तीन-चारच्या सुमारास त्यांचा वेग दहा ते पंधरा नॉटपर्यंत जातो. दहा नॉट म्हणजे ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर. पाण्यावर सर्वत्र पांढरा फेस दिसू लागला की वारा त्याच्या पुढे गेला आहे असे समजावे, आणि मुले बरोबर असतील तर तेवढा वारा पुरेसा मानावा. पावसाळ्यात समुद्रावर जाण्याचा प्रश्नच येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीही बंद असते.

मुंबई आणि रायगडच्या किनाऱ्यावर वाऱ्याइतकाच विचार भरती-ओहोटीचा करावा लागतो. उधाणाच्या दिवशी येथे पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो आणि बंदरातील प्रवाह दोन नॉटच्या आसपास जातो. वारा पडला तर छोटी बोट जेमतेम दीड नॉटने चालते, म्हणजे नाळ, बोटीचे पुढचे टोक, घराकडे असूनही ती मागे मागे जात राहते. किनाऱ्यावरच्या लोकांना परिचित असलेला तिथीचा हिशेब येथे फार उपयोगी पडतो : तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. पौर्णिमेला व अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, म्हणजे आपण निघतो तेव्हा धक्क्याला पाणी असते, पण संध्याकाळी सहाला परतेपर्यंत समोर चिखल उघडा पडलेला असतो. याउलट षष्ठीला भरती साडेचारला, सप्तमीला सव्वापाचला आणि अष्टमीला सहाला येते. हे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, असल्याने प्रवाहाचा जोर कमी असतो आणि दुपारभर पाणी चढत असल्याने परतताना बोट उतारावर सहज लागते. कुटुंबाने आपल्या दुपारच्या सफरी याच तिथींच्या आसपास ठेवाव्यात. नेमकी वेळ मात्र सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहून घ्यावी.

या सगळ्याचा बोटीच्या निवडीशी थेट संबंध आहे. जिथे पाणी ओसरल्यावर चिखल किंवा पुळण उघडी पडते, तिथे तळाला कायमचा कील, म्हणजे खाली उतरलेला जड पंख, असलेली बोट कलंडून पडते आणि तिला बांधून ठेवायला खोल पाण्यात तळाशी जखडलेला तरंगता बोया लागतो. सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात उतरवायची फळी, वर ओढून वीतभर पाण्यातही चालणारी बोट अशा किनाऱ्याला सोयीची. गोव्यात भरती-ओहोटीचा फरक मुंबईपेक्षा बराच कमी, दोन मीटरच्या आसपास असतो, आणि दोना पावलासारख्या आडोशाच्या ठिकाणी छोट्या बोटी पुळणीवरून उतरवता येतात. मात्र मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या बाजूला पावसाळ्यात वाळूचा बांध साचतो, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला स्थानिक माहिती घेतल्याशिवाय तिकडे जाऊ नये.

खडकवासला, पवना, मुळशी अशा जलाशयांत भरती-ओहोटी नाही, लाटा लहान, पाणी गोडे. नवशिक्या कुटुंबासाठी मला हेच पाणी अधिक पसंत आहे. परंतु तेथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डोंगरांच्या खिंडीतून येणारा वारा एकसारखा नसतो; तो झोताने येतो, दिशा बदलतो आणि बोट एकाएकी कलते. दुसरे म्हणजे उन्हाळ्यात पाणी आटत जाते आणि मे महिन्यात बोट पाण्यापर्यंत नेण्यासाठी चिखलातून किंवा दगडगोट्यांतून बरेच अंतर ओढावी लागते. म्हणून जलाशयासाठी बोट हलकी हवी, आणि शीड झटकन कमी करता येणारी हवी. जलाशय ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी आधी विचारून घ्यावी, कारण सर्वच धरणांवर खाजगी बोट उतरवता येत नाही.

युरोपीय मानकांप्रमाणे बांधलेल्या बोटीवर निर्मात्याची पट्टी असते आणि तिच्यावर ए, बी, सी किंवा डी असा वर्ग लिहिलेला असतो. डी वर्ग हा आडोशाच्या पाण्यासाठी, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या ब्यूफोर्ट मापपट्टीवर ४ पर्यंतचा वारा आणि साधारण फूटभर लाटा यांसाठी असतो. सी वर्ग ब्यूफोर्ट ६ आणि दोन मीटर लाटांपर्यंतचा असतो. बंदरात किंवा किनाऱ्यालगत जायचे असेल तर सी वर्गाची बोट पाहावी. त्याच पट्टीवर किती माणसे आणि किती वजन चालेल हेही लिहिलेले असते. ते वाचताना मुलांना अर्धे धरून आकडा जुळवू नये.

कोणती बोट कोणासाठी

शिडाच्या छोट्या बोटींची नावे पुष्कळ आहेत. ज्यांची तुलना उपयोगी ठरेल अशा मोजक्यांविषयीच लिहितो.

इयान प्रॉक्टर यांनी १९५७ साली आखलेली वेफेअरर ही माझ्या मते कुटुंबाच्या बोटीचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. लांबी ४.८२ मीटर, रुंदी १.८५ मीटर, रिकाम्या बोटीचे वजन साधारण १७० किलो, आणि पुढे व मागे मोठे बंदिस्त कप्पे, जे हवाही धरतात आणि सामानही. कॉकपिट, म्हणजे माणसे बसण्याची खोलगट जागा, रुंद आणि खोल असल्यामुळे मूल बाकावर न बसता तळाशी बसू शकते, आणि घाबरलेल्या मुलाला तीच जागा सुरक्षित वाटते. फ्रँक डाय यांनी १९६३ साली अशाच बोटीतून स्कॉटलंडहून आइसलंड गाठले. त्यांचे अनुकरण कोणी करू नये. पण एवढ्या लहान उघड्या बोटीची आखणी किती भक्कम असू शकते हे त्यावरून कळते. तिची अडचण वजनाची आहे. पक्क्या उतारावर दोन माणसे ती ट्रॉलीवरून सहज आणतात, मऊ पुळणीत मात्र रुंद फुगीर चाकांशिवाय ती हलत नाही.

जीपी १४ ही जॅक होल्ट यांची १९४९ ची बोट त्याच वळणाची पण लहान आहे : ४.२७ मीटर लांब आणि सुमारे १३३ किलो वजनाची. दोन मोठे आणि दोन लहान असे चौघे तिच्यात बसू शकतात, तरी मुले दहाच्या पुढे गेली की दाटी होते. एका मुलाच्या कुटुंबाला ती पुरेशी आहे आणि ओढायला बरीच सोपी.

आपल्याकडच्या क्लबांत एंटरप्राइझ अनेक वर्षांपासून दिसते, म्हणून जुनी बोट शोधणाऱ्याच्या समोर तीच आधी येण्याची शक्यता असते. होल्ट यांनीच १९५६ मध्ये आखलेली ही ४.०४ मीटरची बोट हलकी, चपळ आणि शर्यतीसाठी उत्तम आहे. परंतु तिची चपळाई म्हणजेच तिचा अस्थिरपणा. वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी दोन्ही मोठ्या माणसांना कडेवर झुकून तोल सांभाळावा लागतो, आणि मग मुलाकडे पाहायला कोणी उरत नाही. शीड चालवण्यात मुरलेल्या जोडप्याने एका मोठ्या मुलाला घेऊन ती चालवणे निराळे. पाच-सहा वर्षांच्या दोन मुलांसाठी मी ती सुचवणार नाही.

मिरर ही १९६२ पासूनची ३.३ मीटरची प्लायवूडची बोट अवघ्या ४५ किलोंच्या आसपास आहे आणि घरी बांधता येईल अशा हेतूनेच तिची आखणी झाली. तिला कुटुंबाची बोट न म्हणता एक पालक आणि दोन लहान मुलांची बोट म्हणावे. शहरात बोट ठेवायला जागा नसेल, ती गाडीच्या टपावरून न्यायची असेल आणि जाणे केवळ जलाशयापुरते असेल, तर तिच्याइतका सुटसुटीत पर्याय नाही.

समुद्रकिनारी होबी १६ सारखी जोडबोट पाहून मुले हरखून जातात. मधल्या जाळीवर बसायला मजा येते हे खरे, पण तिला कॉकपिट नाही, वेग फार आहे, आणि ती उलटली तर सरळ करायला साधारण दोन मोठ्या माणसांचे वजन एकाच वेळी लावावे लागते. सुरुवातीला सांगितलेल्या कसोटीत ती बसत नाही, आणि एवढ्या एका कारणासाठी मी ती बाजूला ठेवतो.

कील असलेल्या बोटींपैकी १९७७ पासूनची जे/२४ मुंबईत चालवली जाते. ७.३२ मीटर लांब, तळाशी सव्वाचारशे किलोंहून अधिक वजन, त्यामुळे ती सहसा उलटत नाही. पण तिला सव्वा मीटर खोल पाणी लागते, कायमचा बोया लागतो आणि किनाऱ्याहून तिच्यापर्यंत जायला दुसरी होडी लागते. शिवाय ती शर्यतीसाठी बांधलेली असल्याने डेक बराचसा सपाट आणि मुलांना टेकून बसायला जागा कमी. अशी बोट भाड्याने घेऊन प्रशिक्षकासह जाणे हा चांगला पर्याय आहे, विकत घेणे क्वचितच.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी १९६८ पासून बांधली जाणारी ड्रॅस्कॉम्ब लगर अवश्य पाहावी. ५.७२ मीटरच्या या बोटीच्या मुख्य शिडाला बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, नाहीच, कॉकपिट खोल आहे आणि इंजिन बोटीच्या आतल्या विहिरीत बसते. अमेरिकेत असाल तर कॅटलिना २२ जुन्या बाजारात भरपूर आढळते; १९६९ पासूनच्या या बोटीला छोटी केबिन आहे, आणि वर ओढता येणाऱ्या कीलचा प्रकार घेतला तर दोन फूट पाण्यातही ती चालते. उन्हातून आत नेऊन मुलाला झोपवता येणे ही किती मोठी सोय आहे, हे ज्यांनी लहान मुलांबरोबर दुपार पाण्यावर काढली आहे त्यांना सांगावे लागत नाही.

मुलांना घेऊन किनाऱ्यावरच पाहावे

बोट पसंत पडली की लगेच पाण्यात न जाता ती ट्रॉलीवर सरळ उभी करून शिडे चढवावीत आणि सगळ्या कुटुंबाने आपापल्या जागी बसावे. मग विकणाऱ्याला बूम हाताने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायला सांगावे. तळाशी बसलेल्या मुलाच्या डोक्यावरून ती किमान हातभर उंचीवरून जायला हवी, आणि बाकावर बसलेल्या मोठ्या माणसाने थोडेसे वाकले की निघून जायला हवी. जिथे मुलाला प्रत्येक वळणाला आडवे पडावे लागते, ती बोट घेऊ नये. दिवसभरात असंख्य वळणे होतात आणि त्यांतील एखादे मुलाच्या लक्षात राहत नाहीच.

त्याच वेळी आणखी काही गोष्टी पाहून घ्याव्यात. शिडाची दोरी ताणाखाली जिथून जाते तिथे मुलाचा हात किंवा गळा येतो का? दोरी पकडणाऱ्या खाचेतून ती एका झटक्यात सोडता येते का, आणि ते मुलालाही शिकवता येईल का? वारा वाढला की मुख्य शीड खालून आवळून लहान करण्याची, म्हणजे रीफ घेण्याची सोय आहे का? जुन्या शर्यतीच्या शिडांवर ती नसते. शिड शिवणाऱ्याकडून ती करून घेता येते. पण ती बोट घेण्याआधीच्या खर्चात धरावी, नंतर पाहू म्हणून सोडू नये. पुढचे शीड दोरी ओढून जागेवरच गुंडाळता येत असेल तर फार उत्तम, कारण एकट्या माणसाला नाळेकडे जावे लागत नाही.

सेंटरबोर्ड आणि सुकाणू यांविषयी माझा आग्रह आहे : दोन्ही बिजागरीवर मागे फिरून वर उचलले जाणारे असावेत. सरळ खाली घातलेल्या फळीची बोट वाळूला किंवा खडकाला लागली की जागच्या जागी थांबते आणि पुढे बसलेले मूल तोंडावर आपटते. कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या जाळ्यांचे दोर आणि खुंट पाण्यात असतात. फिरणारे सुकाणू त्यांच्यावरून सुटून निघते, घट्ट बसवलेले अडकते किंवा मोडते.

उलटवून पाहिल्याशिवाय घेऊ नये

सेंटरबोर्डची छोटी बोट कधी ना कधी आडवी होणारच, असे धरून चालावे. प्रश्न एवढाच असतो की त्यानंतर काय होते. म्हणून खरेदीपूर्वी, मुलांना किनाऱ्यावर ठेवून, मंद वाऱ्याच्या दिवशी, पुरेशा खोल पाण्यात आणि क्लबची बचाव बोट शेजारी असताना ती मुद्दाम उलटवावी. विकणारा यासाठी तयार नसेल तर त्या बोटीचा विचार सोडून द्यावा.

बोट आडवी झाली की तिच्याकडे नीट पाहावे. ती आडवीच तरंगत राहते, की क्षणात पूर्ण पालथी होऊन डोलकाठी खाली जाते? पालथी होत असेल तर डोलकाठीच्या टोकाला तरंगता फुगा बसवणे आवश्यक आहे. आडवी झाल्यावर ती पाण्यावर फार उंच तरंगते का, हेही पाहावे. तशी असेल तर सेंटरबोर्ड हाताच्या पलीकडे जातो आणि वारा बोटीला पोहणाऱ्यापासून दूर नेतो. शिडाच्या दोऱ्या मोकळ्या करून मग दोघांपैकी हलक्या माणसाने एकट्याने सेंटरबोर्डवर उभे राहून बोट सरळ करून दाखवावी. ती सरळ झाल्यावर आत किती पाणी राहते, त्या पाण्यासह ती स्थिर राहते का, बाजूने किंवा मागून आत चढता येते का, आणि बादलीने पाणी उपसायला किती वेळ लागतो, हे सर्व घड्याळ लावून पाहावे. हलक्या माणसाला जमले नाही तर बोट कितीही सुंदर असली तरी ती आपली नाही.

मुलांची तयारी तलावात करता येते. लाइफ जॅकेट घालून मूल पाण्यात असताना वर एक जुनी चादर पसरावी आणि त्याला हात वर करून कापड उचलायला, त्याखाली श्वास घ्यायला, आणि कापडाची शिवण धरून एका दिशेने कडेपर्यंत सरकायला शिकवावे. शिडाखाली सापडल्यावर नेमके हेच करायचे असते. दोन-चार वेळा केले की मुलांना त्याचा खेळ वाटू लागतो. उलटल्यावर मोठ्या माणसांनी सर्वांत आधी मुलांची डोकी मोजायची आणि प्रत्येकाला आवाज द्यायचा, बोटीकडे त्यानंतर वळायचे, हेही येथेच ठरवून घ्यावे.

जुनी बोट तपासताना

आपल्याकडे नव्या बोटी बहुधा आयात होतात आणि सीमाशुल्क व जीएसटी मिळून मूळ किमतीत मोठी भर पडते, त्यामुळे बरीच कुटुंबे क्लबांतील जुन्या फायबरग्लास बोटींकडे वळतात. त्यात गैर काही नाही, फक्त तपासणी शांतपणे आणि दिवसाउजेडी करावी.

सुरुवात हवाबंद कप्प्यांपासून करावी, कारण मुलांचा जीव त्यांच्यावर अवलंबून असतो. झाकणांची रबरे कडक झाली आहेत का, बुचे घट्ट बसतात का, आत ओल किंवा पाण्याचे डाग आहेत का ते पाहावे. पाण्यातील चाचणीनंतर कप्पे पुन्हा उघडावेत. तळाशी पेलाभर पाणी असेल तर रबर बदलून भागते, बादलीभर असेल तर सांध्याला भेग आहे. कप्प्यांत फोम भरलेला असेल तर बोटीचे वजन करून मूळ वजनाशी ताडून पाहावे, कारण वर्षानुवर्षे पाणी शोषलेला फोम तिला जड करतो आणि वेळेवर तरंगवत नाही.

त्यानंतर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या अंगावर हलके ठोकत जावे. चांगले फायबरग्लास खणखणीत वाजते. थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. डोलकाठीच्या पायथ्याशी, तारा अडकवायच्या पट्ट्यांभोवती आणि सेंटरबोर्डच्या पेटीच्या सांध्याशी विशेष वेळ द्यावा, कारण बोटीवरचा सारा ताण तिथे येतो. डोलकाठीला धरणाऱ्या पोलादी तारांवरून कापडी चिंधी फिरवावी. ती जिथे अडकते तिथे तारेचा एखादा पदर तुटलेला असतो, आणि अशी तार दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. किती वर्षांपूर्वी तारा बदलल्या हे सांगता येत नसेल तर नव्या तारांचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे. शिडाची शिवण नखाने ओढून पाहावी. आपल्या उन्हात कापडाआधी धागा कुजतो. सुकाणूच्या बिजागऱ्या आणि ट्रॉलीची चाके, विशेषतः खाऱ्या पाण्यात वापरलेली, हलवून पाहिली म्हणजे काम झाले.

वल्ही, इंजिन आणि नांगर

वारा पडल्यावर घरी आणणारे साधन बोटीवर हवेच. जलाशयासाठी दोन चांगली वल्ही आणि ती अडकवायच्या कड्या पुरेशा आहेत. त्या बसवण्याची जागा बोटीत आहे का ते पाहावे, कारण शर्यतीच्या बोटींत ती नसते. भरतीच्या पाण्यात मात्र दोन-तीन अश्वशक्तीचे छोटे आउटबोर्ड इंजिन असावे. त्याचे वजन पंधरा किलोंच्या आसपास असते आणि ते मागच्या फळीवर टांगले की बोटीचा तोल बदलतो, म्हणून चाचणी इंजिनासह घ्यावी. मुले पाण्यात असताना किंवा मागून चढत असताना इंजिन बंद, हा नियम कधीही मोडू नये. बंद करण्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला अडकवलेली असावी.

नांगर चार-पाच किलोंचा, पुढे थोडी साखळी आणि पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट दोर. तो पायात येणार नाही पण लगेच हाती लागेल अशी जागा बोटीत आहे का, हेही निवडीतच धरावे. सावलीचा विचार पुष्कळ जण विसरतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या पाण्यावर मुलांना वाऱ्यापेक्षा उन्हाचा त्रास लवकर होतो. नांगर टाकून थांबल्यावर बूमवरून ताणता येईल असे जाड सुती कापड आणि ते बांधायच्या जागा आधीच पाहून ठेवाव्यात.

लाइफ जॅकेटची रक्कम वेगळी काढावी

बोटीच्या खर्चात लाइफ जॅकेट शेवटी येते आणि म्हणून उरलेल्या पैशांत घेतले जाते. तसे करू नये. आयएसओ १२४०२ या मानकात ५० न्यूटन तरंगबळाचे जॅकेट हे पोहता येणाऱ्यांसाठी आणि किनाऱ्याजवळच्या मदतीच्या टप्प्यातील साधन आहे; ते बेशुद्ध माणसाचा चेहरा वर ठेवण्यासाठी बनवलेले नाही. लहान मुलांसाठी कॉलर असलेले १०० न्यूटनचे, फोमचे जॅकेट घ्यावे, त्याला मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि मानेमागे उचलण्याची मूठ असावी. पाणी लागताच आपोआप फुगणारे प्रकार लहान मुलांच्या हातात देऊ नयेत. मापाची परीक्षा सोपी आहे : जॅकेट बांधून मुलाला खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर उचलावे; जॅकेट कानांपर्यंत सरकले तर ते मोठे आहे. पुढच्या वर्षी बसेल म्हणून मोठे घेणे कपड्यांत चालते, येथे नाही. अमेरिकेच्या संघराज्याच्या नियमाप्रमाणे चालत्या बोटीच्या डेकवर १३ वर्षांखालील मुलांना जॅकेट घालणे बंधनकारक आहे. आपण कुठेही असलो तरी मुलांना धक्क्यावर पाऊल ठेवण्याआधी ते घालावे, आणि मोठ्यांनीही.

कागदपत्रे आणि ठेवण्याची जागा

महाराष्ट्रात महाराष्ट्र सागरी मंडळाच्या आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याच्या स्थानिक कार्यालयात जाऊन आपल्या बोटीला कोणती नोंदणी लागते ते खरेदीआधी लेखी विचारावे. इंजिन बसवले की बोट यांत्रिक जलयानांत गणली जाते आणि अंतर्देशीय पाण्यावर २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याच्या तरतुदी तिला लागू होतात. बोट जुनी असेल तर मालकीची पावती, आयात झाली असल्यास सीमाशुल्काचे कागद आणि आधीची नोंदणी यांच्या मूळ प्रती पाहाव्यात.

बोट ठेवायची कुठे, हा प्रश्न शहरातल्या कुटुंबाला बोटीपेक्षाही अवघड जातो. क्लबाच्या आवारात जागा मिळत असेल तर तिचे वार्षिक शुल्क, बचाव बोटीची सोय आणि पावसाळ्यात बोट झाकून ठेवण्याची व्यवस्था एकत्र विचारात घ्यावी. पाण्यापासून दूर ठेवलेली बोट दर वेळी डोलकाठी उभारून, तारा ताणून उतरवावी लागते. त्यात मुले ताटकळतात, कंटाळतात आणि पाण्यात उतरण्याआधीच सफर संपल्यासारखी होते. लहान मुलांच्या बाबतीत आल्यापासून अर्ध्या तासात पाण्यात उतरणारी बोट मोठ्या आणि देखण्या बोटीपेक्षा कितीतरी जास्त वापरली जाते.

विकत घेण्याआधीचा हंगाम

बोट घेण्याआधी एक हंगाम यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाशी संलग्न क्लबात किंवा प्रशिक्षण संस्थेत शिकावे, आणि दोन्ही मोठ्या माणसांनी शिकावे. एकच जण जाणकार आणि दुसरा नुसता प्रवासी असेल, तर जाणकार पाण्यात पडल्यावर बोटीत चालवणारे कोणीच उरत नाही. या काळात निरनिराळ्या बोटी भाड्याने चालवून पाहाव्यात आणि त्या प्रत्येकीत मुलांना एकदा तरी न्यावे.

नवी बोट आल्यावर पहिल्या सफरी तासाभराच्या, सकाळच्या मंद वाऱ्यात, रीफ घेऊन आणि किनाऱ्यावर आपली वाट पाहणारा माणूस ठेवूनच कराव्यात. तासाभराने मुलांना अजून थांबायचे असले तरी परत फिरावे. प्रत्येक मुलाला एक काम द्यावे : एकाने पुढच्या शिडाची दोरी धरावी, दुसऱ्याने जाळ्यांचे बोये आणि येणाऱ्या लाँच शोधून सांगाव्यात. सात-आठ वर्षांच्या मुलाने सुकाणूचा दांडा मागितला तर द्यावा, आपला हात जवळ ठेवून. ज्या बोटीचे सुकाणू एवढ्या मुलाच्या हाताला जड जाते, तिचे शीड वाऱ्याच्या मानाने मोठे आहे किंवा सेंटरबोर्डची जागा चुकली आहे. दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येतात आणि कराव्यात.

मूल दांडा सोडायला तयार होईनासे झाले की त्याला स्वतःची ऑप्टिमिस्ट द्यावी. क्लार्क मिल्स यांनी १९४७ साली फ्लोरिडात मुलांसाठीच आखलेली ही बोट अडीच मीटरहूनही लहान, ३५ किलो वजनाची आणि एकाच शिडाची आहे. आपल्याकडच्या प्रशिक्षण केंद्रांत मुले याच बोटीवर शिकतात आणि पंधरा वर्षांपर्यंत तिच्या शर्यती खेळतात. ती विकत घेण्याची घाई मात्र करू नये, कारण मुले उंचीने आणि वजनाने तिच्यातून लवकर बाहेर पडतात आणि क्लबाची बोट तेवढ्या काळासाठी पुरते.